तू गणितात कच्चा नव्हतास

वासू,

काल तुझी तेरवी झाली. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. लोक पोटभर जेवले आणि तू किती चांगला होतास ते एकमेकांना सांगत हात धुवायला गेले. मला रडू येईल असं वाटलं होतं. आली ती शिसारी. पत्रावळी उचलणाऱ्या बायांच्या मागे उभी राहून मी सगळं ऐकत होते. आज शाळेला सुटी आहे म्हणून हे लिहायला बसले. तू असतास तर म्हणाला असतास, "बाई, तू लिवून काढ. बोललीस का भांडण होते." तर लिहून काढते. भांडण मात्र तुझ्याशीच आहे, बहिणीचं भावाशी.

तुझ्या कचेरीतले एक साहेब अहेरीहून आले होते. पांढरा सदरा, हातात छत्री, दुसऱ्यांदा बुंदी मागून घेतली. म्हणाले, "देवमाणूस होते हो. पण महत्त्वाकांक्षा म्हणून नव्हती. जंगलात टाकलं तर जंगलात राहिले." आजूबाजूच्यांनी माना हलवल्या. मग आपल्याच आळीतल्या कोणीतरी पुस्ती जोडली, "त्यायले मोठ्या कॉलेजात जाचं होतं ना. गणितात कमी पडला बिचारा." त्यावर साहेब म्हणाले, "हां, गणित म्हणजे येतं त्याला येतं." आणि ढेकर दिली.

ज्याला पुलाचं गणित जमत नाही म्हणून प्रत्येक कागद घेऊन तुझ्या टेबलाशी यावं लागायचं, तो हा माणूस. तूच सांगितलं होतंस, हसत हसत. तेव्हा मीही हसले होते. काल मला त्याच्या ताटातली बुंदी त्याच्या सदऱ्यावर ओतावीशी वाटली.

पण तू गणितात कच्चा, ही थाप ना त्यांची, ना गावाची. ती तुझी. तूच ती ब्रह्मपुरीच्या फलाटावर सगळ्यांसमोर मारलीस आणि मला शपथ घालून तिची राखण करायला बसवलंस. आपलेच दात, आपलेच ओठ.

तुला आठवतो का तो उन्हाळा, इंजिनियर होऊन आल्यावरचा? माजघरात कागदांचा पसारा घालून बसायचास. आपल्या तलावाचं पाणी सांडव्यावरून खालच्या गावाच्या तलावात जातं, तिथलं त्याच्या खालच्या तलावात, असं करत करत शेवटी वैनगंगेत. वरच्या एका तलावाची मातीची पाळ फुटली की खालच्या सगळ्या फुटतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तुला हे शोधायचं होतं की पाऊस अमुक इतका पडला तर कोणती पाळ आधी जाईल, आणि खालच्या गावाला पळायला किती वेळ मिळेल. एका पावसाळ्याचं गणित करायला तुला सगळा उन्हाळा पुरला नाही. मी लॉगटेबलातले आकडे मोठ्यानं वाचायचे, तू लिहायचास. मला ते टेबल वाचायला तूच शिकवलंस. सातवी पास मास्तरीण मी, पण त्या उन्हाळ्यात मला वाटायचं की आपण दोघं काहीतरी मोठं करतो आहोत. तेवढ्या एका उन्हाळ्याबद्दल मी तुझी जन्माची ऋणी आहे.

मग तू कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलंस की परदेशात विजेवर चालणारं गणकयंत्र निघालं आहे. एका खोलीत मावत नाही एवढं मोठं, पण माणसाचं महिन्याचं गणित दुपारच्या चहाच्या आत करून देतं. आपल्याही देशात ते आज ना उद्या येणार, आणि दूर पूर्वेकडे जी नवी संस्था निघाली होती तिथले लोक त्याच्या तयारीला लागले होते. तिथे इंजिनियरिंगमध्ये पीएच.डी. करता येत होती. तू मला हे सांगताना दोन घास भात ताटात तसाच राहिला होता.

मी म्हटलं, "यंत्रच गणित करते तं तुझं काय काम तिथी?"

तू म्हणालास, "त्याले तलाव माईत नाई ना, बाई. त्याले समजेल असं सांगाले कोनी पायजे."

अर्ज लिहायची वेळ आली तेव्हा तुझं घोडं अडलं. त्या अर्जात स्वतःबद्दल एक पानभर लिहायचं होतं. मी काय केलं, मला काय येतं, मलाच का घ्यावं. तू सकाळपासून बसलास आणि संध्याकाळी मला वाचून दाखवलंस, "मी एक साधारण विद्यार्थी असून, योग्य वाटल्यास माझा विचार व्हावा." मी कपाळाला हात लावला. तुझा पहिला नंबर होता कॉलेजात. ते कुठेच नव्हतं.

"लिहाचं कसं?" तू म्हणालास. "आपणच आपली तारीफ कराची?"

तुझी चूक नव्हती. आपल्याकडे स्वतःसाठी तोंड उघडणारा माणूस बेशरम. पोराला मुलगी बघायची तर मध्यस्थ जातो. बैल घ्यायचा तर किंमत दुसराच विचारतो, घेणारा बाजूला उभा राहून आभाळाकडे बघत असतो. पाहुणा उपाशी असला तरी "जेवलो" म्हणतो आणि यजमानानं हात धरून बसवायची वाट बघतो. अशा गावात वाढलेल्या माणसाला कोणी सांगितलं की स्वतःच्या हातानं लिही, मी हुशार आहे, तर त्याचा हात कापणारच. शेवटी मी सांगितलं आणि तू मान खाली घालून लिहिलंस. लाजेनं तुझे कान लाल झाले होते.

हे सगळं काकाजींच्या कानावर गेलं. डोमाजी काकाजी म्हणजे आपल्या बाबांचे धाकटे भाऊ, बाबा गेल्यावर आपल्याला वाढवणारे, तुला कॉलेजात पाठवण्यासाठी सगळ्या भावकीशी भांडणारे. त्यांना अर्जाचं ऐकून धक्काच बसला. "पोरानं स्वतःच मागणं घातलं? आमी काय मेलो?" मुलाखत नागपूरला होती. संस्थेतले मोठे प्रोफेसर त्यासाठी येऊन सरकारी विश्रामगृहात उतरणार होते. तू दोन दिवस आधीच मित्राकडे गेलास. तू गेल्याबरोबर काकाजींनी चार मोठी माणसं गोळा केली, पांढरी धोतरं नेसली, नव्या चिन्नोर तांदळाचं एक पोतं बांधलं आणि गाडीनं नागपूर गाठलं. सोयरीक जुळवायला जातात तसे.

त्यांनी जाऊन काय केलं ते मला पाठ आहे. गेली काही वर्षं दर मंडईच्या जत्रेत, दर लग्नात काकाजी ते सांगतात. प्रोफेसरांच्या व्हरांड्यात ते पाचजण बसले. पावसाबद्दल बोलले. धानाबद्दल बोलले. साहेबांना मुलंबाळं किती ते विचारलं. सोयरिकीला गेल्यावर मुद्द्याचं कोणी आधी बोलत नाही, उठता उठता बोलतात, तसं उठता उठता काकाजी हिंदीत म्हणाले, "साब, हमारा लडका आपके पदर में डालते." आणि तांदळाचं पोतं पुढे केलं. साहेब हसले. त्यांनी खानसाम्याला हाक मारली आणि पोतं आत नेऊन ठेवायला सांगितलं.

बस. आपल्याकडे समोरच्यानं आणलेलं ठेवून घेतलं म्हणजे होकार झाला. मुलीकडच्यांनी नारळ ठेवून घेतला की सोयरीक पक्की, तो परत करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. काकाजी त्याच रात्रीच्या गाडीनं परत आले आणि सकाळी गावात गूळ वाटला.

मीही खाल्ला तो गूळ, वासू. मला तरी काय कळत होतं.

तुझ्याकडून पुढचं ऐकलं ते तलावाच्या पाळीवर, तू परत आलास त्या संध्याकाळी. तू मुलाखतीला आत गेलास, बगलेत आपल्या आकड्यांची ती लांबलचक गुंडाळी. टेबलाच्या पलीकडे चार साहेब. त्यातल्या मोठ्या साहेबांनी, म्हणजे त्याच प्रोफेसरांनी, गुंडाळीकडे पाहिलंही नाही. त्यांनी विचारलं, तुमच्या गावाच्या हिशेबानं एका डॉक्टरेटला तांदूळ किती लागतो? बाकीचे हसले. तुला कळेना. मग त्यांनी सांगितलं, काल पाचजण आले होते. हा असला वशिला आमच्याकडे चालत नाही. आम्हाला चारित्र्य असलेली माणसं लागतात. एवढं बोलून त्यांनी दुसऱ्याचं नाव पुकारायला सांगितलं. तू दारापर्यंत आलास तेव्हा ते मागून म्हणाले, "तांदूळ मात्र फार सुरेख आहे हं."

म्हणजे शिजवून खाल्ला होता. ज्याला लाच म्हटलं, ती आदल्या रात्री तुपाबरोबर खाल्ली आणि सकाळी त्याच तोंडानं चारित्र्य शिकवलं. मला अजून तो सुवासिक भात म्हटला की मळमळतं. घरी चिन्नोर पिकतो, पण मी उकडा शिजवते. माणूस एवढा शिकून एवढा हलका राहू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. चोर म्हणून पोतं अंगणात फेकून दिलं असतं तर मी त्याला माणूस म्हटलं असतं.

आणि तू? तू काय केलंस?

ब्रह्मपुरीला गाडीतून उतरलास तर फलाटावर काकाजी हार घेऊन उभे. मागे तुझे शाळासोबती आणि मी. काकाजींनी तुझ्या गळ्यात हार घातला आणि विचारलं, "कवा जाचं मंग?" मी तुझा चेहरा बघत होते. तू त्यांच्याकडे पाहिलंस, हाराकडे पाहिलंस आणि म्हणालास, "नाई झालं, काकाजी. गणितात कमी पडलो." गळ्यात झेंडूचा हार घालून तू हे म्हणालास.  काकाजींनी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "गणितच ना? होऊन जाते. पुढच्या साली पाहू."

पाळीवर मी तुला म्हटलं की आत्ताच्या आत्ता चल, काकाजींना सांगू. तू म्हणालास, "नाई, बाई. तो माणूस जनमभरात एकदा कोण्या मोठ्या साहेबासमोर खुर्चीवर बसला. ते मी त्याच्यापासून हिसकून घेऊ?" आणि मला तुझ्या गळ्याची शपथ घातलीस. मी तेव्हा तुला थोर समजले. तुझ्याकडे बघून मला भरून आलं. आज तेच आठवलं की स्वतःच्या त्या भरून येण्याचीच किळस येते.

कारण मग काय झालं? काकाजींनी शेजारच्या गावच्या एका निवृत्त मास्तरांना बोलावलं, तुझं गणित पक्कं करायला. तू इंजिनियर. ते मास्तर तुला त्रैराशिक शिकवायचे. पाच माणसं एक विहीर अमुक दिवसांत खणतात तर. आणि तू पाटी घेऊन बसलास. मुद्दाम एखादं चुकवायचास, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून. काकाजी दारातून डोकावून जायचे आणि तू "येऊन राह्यलं हळूहळू" म्हणायचास. मी चुलीशी बसून दात खायचे. हसू यायला हवं होतं, दुसऱ्या कोणाच्या घरी हे घडलं असतं तर मीही हसले असते.

पुढच्या वर्षी तू पुन्हा अर्ज लिहिलास. या वेळी मी सांगितलंही नाही, तू स्वतः लिहिलंस, पहिला नंबर, तलाव, आकडे, सगळं. मला वाटलं, सुटला माझा भाऊ. त्याच आठवड्यात काकाजी दुपारी आले आणि अंगणात बैलगाडीतून दोन पोती उतरवली. म्हणाले, "मागच्या खेपी एकच नेलं होतं. गणितात कमी पडला तं पडला, पोत्यात तरी नोको कमी पडाले."

तू उठलास, पोत्यावर हात फिरवलास, "मस्त धान झालं औंदा" म्हणालास. अर्ज टपालात नाही, घरच्या पेटीत गेला. महिन्याभरात तू बांधकाम खात्यातल्या नोकरीत बदली मागून घेतलीस, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, अहेरीकडच्या रस्त्यावर. तिथे कोणी मागून जात नाही, म्हणून तुला लगेच मिळाली.

मग दर दिवाळीला आपलं भांडण. मी म्हणायचे, त्यांना सांग. तू म्हणायचास, वाईट वाटेल. मी म्हणायचे, मग अहेरीहूनच गुपचूप अर्ज कर, कोणाला कळणार आहे. तू म्हणायचास, "लागलो तं काकाजी विचारतील ना, आमच्याबिगर कसा लागला? मंग सांगाच लागते." मी म्हणायचे, लाग तर आधी. एकदा खूप चिडून विचारलं तेव्हा तू वेगळंच बोललास. म्हणालास, "त्या टेबलासमोर पुन्हा नाई उभं राहावत." त्यातलं खरं कोणतं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. कदाचित काकाजींना जपण्याच्या नावाखाली तू स्वतःलाच जपत होतास. जपत असशील तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण मग तेवढं तरी मला सांगायचं होतंस.

मुली पाहायला काकाजींनी किती दारं झिजवली. तू प्रत्येक वेळी "आधी ते होऊन जाऊ दे" म्हणायचास. ते म्हणजे काय, हे कोणी विचारायचं नाही आणि तू सांगायचं नाही. पेटीत अर्ज, भिंतीवर आकडेमोडीची ती पट्टी, स्लाईडरूल, सुट्टीत आलास की माझ्यापुढे लॉगटेबल. अहेरीच्या त्या बंगलीत एकट्यानं बसून तू हातानं ते यंत्राचं गणित करत राहिलास. यंदा पाऊस सरता सरता ताप आला, आणि खात्याच्या ट्रकमधून तुला आणलं.

तापाला मी काही बोलत नाही. ताप जंगलात सगळ्यांनाच येतो. पण तू त्या जंगलात का होतास?

आता कालचं ऐक. तेवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

जेवणं आटोपली, मंडपात सगळे पान खात बसले होते. आपल्या गावचा शालिक तुला माहीत आहे, तुझ्यानंतर गावातला दुसरा इंजिनियर. तुझ्याकडेच बघून तो शिकला. त्यानंही त्या संस्थेत पीएच.डी.साठी अर्ज केला आहे आणि त्याला मुलाखतीला बोलावलं आहे, पुन्हा नागपूरलाच. हे मला कालच कळलं, कारण काकाजी उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वासूच्या वक्ती आमीच कमी पडलो. आता शालिकच्या वक्ती तसं नाई होऊ द्याचं. तीन पोती, आन एक तुपाचा डबा. मी स्वतः जातो. वासूच्या आत्म्याले बरं वाटल."

लोकांनी "वा वा" केलं. दोघातिघांनी आपापल्या घरचं धान देऊ केलं. अहेरीचे साहेब म्हणाले, "ही खरी श्रद्धांजली." आणि शालिक? शालिक खांबाला टेकून उभा होता. त्याला सगळं कळत होतं, तो चार वर्षं शहरात राहिला आहे.  तरी तो म्हणाला, "जसं तुमाले वाटल तसं, काकाजी."

तुझाच सूर, वासू. तीच खाली घातलेली मान. असला चांगुलपणा पुन्हा एकदा डोळ्यांनी बघायची माझ्यात ताकद नव्हती. तुझ्या गळ्याची शपथ घातली होतीस, तो गळाच आता राहिला नव्हता. मी पदर खोचला आणि माणसांत गेले. बाया बघतच राहिल्या.

"काकाजी, पोती नेऊ नोका," मी म्हटलं.

"काऊन वं?"

"वासू गणितात कमी नाई पडला. त्याले गणित कोनी विचारलंच नाई. तुमी तांदूळ नेला म्हून त्याले हाकलला. लाच म्हनलं त्या साहेबानं."

 अहेरीच्या साहेबांनी छत्री उचलली. काकाजी तसेच उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं, चारित्र्य, हसू, दारातून ऐकलेलं ते शेवटचं वाक्य, काही म्हणता काही ठेवलं नाही. 

काकाजींनी विचारलं, "तांदूळ खाल्ला त्यानं?"

"खाल्ला."

"आन मंग असा बोलला?"

"हो."

ते खाली बसले. मातीवर बोटानं रेघा ओढत राहिले. मला वाटलं, आता हे कोसळतील, तू ज्याला भीत होतास ते आता होईल, आणि ते मी केलेलं असेल. मग त्यांनी मान वर केली.

"वासूले पयल्या दिवसापासून माईत होतं?"

"हो."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमाले वाईट वाटल म्हून."

"वाटलं असतं," काकाजी म्हणाले. "चार दिवस भाकर गोड लागली नसती. मंग? मी का मेलो असतो?"

 काकाजींनी शालिककडे बघितलं आणि म्हणाले, "तू एकटा जाय, गा. आन कोनी काऊन घ्यावं तुले असं विचारलं तं धडधडा सांग. लाजू नोको." आणि उठून मंडपाबाहेर गेले. मागून लोक कुजबुजले की मास्तरीणबाईनं तेरवीच्या दिवशी असं करायला नको होतं. मी ऐकलं. मला त्यांचा आता रागही येत नाही, नुसता वीट आला आहे.

तर वासू, तुझी शपथ मोडली. रागवायचं तर रागव. तू चांगला होतास, यात मला कधीच शंका नव्हती. पण तुझा चांगुलपणा असा होता की त्यात समोरच्या माणसाला खरं पेलेल, असं तू एकदाही धरून चालला नाहीस. ज्या माणसानं तुझ्यासाठी भावकी अंगावर घेतली, त्याला तू एवढासा जीव समजलास. मी तुझ्यावर जीव टाकला आणि तुझ्या या एका गोष्टीचा मला मनापासून तिटकारा आहे, हे दोन्ही एकदमच खरं आहे, आणि हे मी तुला तू असताना कधी नीट सांगितलं नाही. दिवाळीचं भांडण म्हणजे सांगणं नव्हे.

हे लिहिता लिहिता उठावं लागलं. काकाजी आले होते. रात्रभर झोपले नसावेत, डोळे सुजले होते. मला वाटलं, आता मला बोलतील. ते ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, एक विचाराचं होतं. वासूले तिथी जाऊन शिकाचं काय होतं?"

 दोनदा पोती बांधली, गूळ वाटला, हार आणला, मास्तर आणला, आणि हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तूही कधी सांगितलं नव्हतंस. मी तुझी ती गुंडाळी काढली आणि ओसरीभर पसरली. हा आपला तलाव, हा खालचा, हा त्याच्या खालचा. एवढा पाऊस झाला तर ही पाळ आधी जाणार, मग ही, मग ही, आणि या गावाला उठून पळायला एवढा वेळ. काकाजी गुडघ्यांवर ओणवे होऊन बोट फिरवत बघत होते. मधेच थांबून त्यांनी एका पाळीवर बोट ठेवलं आणि ती कोणती ते बरोबर ओळखलं.

मग चष्मा काढून धोतरानं पुसत ते म्हणाले, "हे तं मले समजलं असतं, बाई."